कुठे लिहिलंय?

अरुंधती आणि नीलकंठराव यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे झाशीच्या मराठी मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भांडण कुणी सुरू केलं याबद्दल मात्र दोन मतं होती. जुनी घराणी म्हणत, बाईची जीभच तिखट. बदलीवाले म्हणत, म्हाताऱ्याला मोठेपणाचा रोग. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांचंही बरोबर असलं की भांडण काही मिटत नाही.

जुनी घराणी म्हणजे मराठ्यांच्या अमलात कारभार पाहायला नाहीतर पूजा सांगायला इकडे आलेल्यांचे वंशज. आता ते बँकेत, कचेरीत, शाळेत असतात. घरात मराठी बोलतात आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. बदलीवाले म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीपायी आलेले आणि ऑर्डर आली की सामान बांधणारे. नीलकंठराव पहिल्यांतले. निवृत्त हेडक्लार्क, मंडळाचे अध्यक्ष, गणपतीच्या वार्षिक अंकाचे संपादक आणि त्या अंकात सर्वांत जास्त पानं खाणारे लेखक. अरुंधती दुसऱ्यांतली. तिचा नवरा जयंत सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर, छावणीला लागून क्वार्टर. सांगलीच्या शाळेतली मराठीची नोकरी ती त्याच्या बदलीपायी सोडून आली होती, आणि झाशीत मराठीच्या शिक्षिकेवाचून कुणाचं अडलं होतं?

पहिली ठिणगी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पडली. नीलकंठरावांची नात इरा, सातवीतली, तिळगुळाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, जरा रुका, मी अजून आणते." अरुंधती हसली. वाईट हेतूने नाही, पण हसली, आणि शेजारच्या बाईला म्हणाली की इथल्या मराठीची अगदीच पडझड झाली आहे. हे वाक्य संध्याकाळच्या आत नीलकंठरावांच्या कानावर गेलं. पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत उत्तर दिलं. आमची मराठी इथे पावणेतीनशे वर्षं टिकली आहे, ते म्हणाले, तुमची तुमच्या पुढच्या बदलीपर्यंत टिकली तरी गणपती पावला म्हणायचा. जुने हसले, बदलीवाल्यांनी चहाच्या कपात पाहिलं. तेव्हापासून ही दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागली.

तरीही प्रेम नगरातल्या मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचा रविवारचा मराठी वर्ग सुरू झाला, तो बायकांच्या रेट्यामुळे. इराची आई मेघना त्यात पुढे होती. सासऱ्यांपुढे ती तोंड उघडत नसे, पण त्यांच्या पाठीमागे तिने घरोघरी फिरून माणसं जमवली. शिकवायला अरुंधतीशिवाय दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नीलकंठरावांनी आवंढा गिळावा तसा तो वर्ग गिळला.

सहावी ते आठवीची मुलं येत. मराठी सगळ्यांना समजे, निम्म्यांना बोलता येई, लिहिण्याची मात्र बोंबच होती. अरुंधतीने पहिल्या रविवारी एक गोष्ट वाचून दाखवली आणि तिच्यावर लिहायला सांगितलं. सगळ्या पानांवर एकच वाक्य आलं: या गोष्टीतून आपल्याला असा बोध मिळतो की. शाळेत हिंदीच्या पेपरात शेवटी 'शिक्षा', म्हणजे तात्पर्य, लिहायची सवय, तीच मराठी कपडे घालून आली होती. अरुंधतीने फळ्यावर 'बोध' असा शब्द लिहिला आणि डस्टरने पुसून टाकला. गोष्ट काय सांगते ते तुमच्या मनाने ठरवू नका, ती म्हणाली, गोष्टीलाच विचारा. राजा दयाळू होता म्हणताय ना? मग त्याची दया जिथे दिसते ते वाक्य काढा, जसंच्या तसं लिहा, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं द्या, आणि त्यातल्या कुठल्या शब्दावरून तुम्हाला तसं वाटलं ते सांगा. पुरावा नाही तर विशेषण नाही.

तेजस नावाचा एक गोलमटोल मुलगा होता, आठवीतला. त्याला हे पटेना. राजा चांगलाच असतो, तो म्हणाला. कुठे लिहिलंय, अरुंधतीने विचारलं. लिहिलं नाहीये, तेजस म्हणाला, "पण मॅडम, राजा है ना." वर्ग खिदळला. त्या दिवसापासून 'कुठे लिहिलंय' हा वर्गाचा मंत्र झाला. मुलं हॉलच्या पायऱ्यांवरसुद्धा एकमेकांना अडवू लागली. बॅट माझी आहे. कुठे लिहिलंय? आज माझी बारी आहे. कुठे लिहिलंय?

याच तेजसने एकदा लांडीलबाडी केली. राजा खूश झाला, असं त्याने लिहिलं आणि पुरावा दिला: "राजा हसला." अरुंधतीने पुस्तक उघडून त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. पूर्ण वाक्य होतं, "राजा हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं." मग तिने त्याची सगळ्यांसमोर हजेरी घेतली. अर्धं वाक्य म्हणजे खोटी साक्ष, ती म्हणाली. उचलायचं तर पूर्ण उचला, नाहीतर त्याला हात लावू नका. तेजसचे कान लाल झाले. पुढच्या रांगेत बसलेल्या इराने ते मान खाली घालून लिहून घेतलं. इरा बोलायची कमी आणि लिहून घ्यायची सगळं.

या वर्गात अरुंधतीचा जीव अडकला होता. आठवडाभर ती क्वार्टरमध्ये भाजी निवडी, कूलरमध्ये पाणी भरी, शेजारणींशी हिंदीत हवापाण्याचं बोले, आणि तिला वाटे की आपण कुणाच्या तरी घरी उगाच येऊन बसलोय. रविवारी हातात खडू आला की ती पुन्हा माणसात येई. हा वर्ग गेला असता तर झाशीत तिला करण्यासारखं काहीही उरलं नसतं, आणि हे नीलकंठरावांना नेमकं माहीत होतं.

मंडळाची एक जुनी रीत होती. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, आरतीनंतर, एका मुलाने मागच्या वार्षिक अंकांतल्या एखाद्या गोष्टीवर निबंध लिहून गणपतीपुढे वाचायचा. गोष्ट अध्यक्षांनी निवडायची, आणि यंदा वर्ग होता म्हणून मूल शिक्षिकेने. श्रावणातल्या बैठकीत नीलकंठरावांनी जाहीर केलं की यंदाची गोष्ट 'दाता'. गोष्ट त्यांचीच होती. स्वतःची गोष्ट स्वतःच नेमायची आणि नातवंडांच्या वयाच्या पोरांकडून तिचं कौतुक ऐकायचं, ही हौस जगात दुसरीकडे कुठे असेल तर असो, इथे होती आणि कुणाला खटकतही नव्हती. शिवाय ते म्हणाले की वर्गाचा काय उपयोग होतोय ते या निबंधावरून कळेलच. नाहीतर रविवारी सकाळी भजनवाल्यांना हॉल हवाच आहे.

अरुंधतीने विचारलं की निबंधात गोष्टीतल्या वाक्यांचे पुरावे चालतील ना. नीलकंठराव हसले. "हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई? दादांचं मोठेपण सगळ्या झाशीला ठाऊक आहे."

"असू दे," अरुंधती म्हणाली, "आरसा मी घेऊन येते."

'दाता' ही दुष्काळाच्या वर्षाची गोष्ट होती. नीलकंठराव तेव्हा लहान होते. दादा म्हणजे त्यांचे वडील. हार घातलेला त्यांचा फोटो हॉलच्या भिंतीवरच होता. टहरौलीकडच्या खेड्यांतली माणसं धान्याच्या आशेने शहरात आली, दादांनी कोठार उघडलं, आणि आठवडाभर त्यांच्या दारात पंगती उठल्या, अशी ती हकिगत. गोष्टीत दादा बोलत, दादा वाढत, दादा आशीर्वाद घेत. काकी नावाची एक बाई मागच्या अंगाला भाकऱ्या थापत असे, तिचा उल्लेख मधूनमधून मिठाएवढा. भाषा जुनी, भरजरी, आणि खरं सांगायचं तर अरुंधतीला वाटलं होतं तेवढी वाईट नव्हती. याचाही तिला रागच आला.

वर्गात गोष्ट वाचून झाली तेव्हा सगळ्यांनी दादा दयाळू होते असं लिहिलं आणि एकच वाक्य पुराव्याला दिलं: "दादांनी कोठाराची किल्ली काढली आणि म्हणाले, या घरातून कुणी उपाशी जायचं नाही." ठीकच होतं. इराने मात्र हात वर केला आणि विचारलं की एक छोटंसं वाक्य आहे, ते चालेल का. तिने वाचलं: "पंगत उठली, दादा पान खाऊन आडवे झाले, आणि काकीने माठातलं पाणी पिऊन पदराला हात पुसले."

यात काय आहे, अरुंधतीने विचारलं.

"काकीने पाणी प्यायलं. जेवली कुठे लिहिलंय?" इरा म्हणाली. "मी सगळी गोष्ट पाहिली, मॅडम. दादांचं जेवण तीनदा आहे. काकीचं एकदाही नाही. मग हात कशाला पुसले? ती दाखवत होती, की जेवले म्हणून."

अरुंधतीने ते वाक्य पुन्हा काढून वाचलं. एवढी वर्षं शिकवलं, पण एका वाक्यातला हात असा पाहिलेलं मूल तिला आजवर भेटलं नव्हतं. याच पोरीच्या मराठीला आपण हसलो होतो, हेही तिला आठवलं आणि जरा टोचलं. तो क्षण शिक्षिकेचा होता आणि निर्मळ होता. दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात नीलकंठराव आले. त्यांच्याच गोष्टीत त्यांच्या दात्याच्या घरातली बाई उपाशी, आणि हे त्यांच्याच नातीने गणपतीपुढे उभं राहून वाचायचं. अशी संधी मागून मिळत नाही. तिने तिथल्या तिथे इराचं नाव जाहीर केलं.

इराचा निबंध आठ दिवसांनी आला. तिने लिहिलं होतं की काकी ही खरी दाता, कारण तिने दिलेलं कुणाला दिसलं नाही. पण दादांनाही तिने सोडलं नव्हतं. कोठाराचा तळ दिसू लागतो त्या प्रसंगातलं वाक्य तिने घेतलं होतं: "दादा घाबरले, पण किल्ली त्यांनी पुन्हा कमरेला लावली नाही." आणि खाली लिहिलं होतं, की न घाबरता देणं सोपं, दादा घाबरून देत राहिले, म्हणून तेही दाते, फक्त काकी त्यांच्याहून मोठी.

निबंध उत्तम होता. शिक्षिका शुद्धीवर असती तर तिने अनुस्वार सुधारून तो परत दिला असता. पण अरुंधतीला दादा दाते व्हायला नको होते. भिंतीवरचा तो हार घातलेला फोटो, त्याच्याखाली रुबाबात बसणारे नीलकंठराव आणि भजनवाल्यांची धमकी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने लाल पेन उचललं. "दादा घाबरले" एवढं ठेवलं, पुढचं खोडलं. दादा दाते असल्याची ओळही खोडली आणि समासात लिहिलं: म्हणजे दादा मनातून भित्रे होते, असं लिही.

इराने पान हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "मॅडम, हे अर्धंच ठेवायचं?"

निबंध लांबतोय, अरुंधती म्हणाली. पोरीने पान घडी करून वहीत ठेवलं. घरी जाताना अरुंधती स्वतःला समजावत राहिली की म्हाताऱ्याने आयुष्यभर लोकांचे अर्ज असेच कापले असतील, एकदा त्याचंही कापलं तर काय बिघडलं. जयंतला तिने यातलं काहीच सांगितलं नाही, आणि नवऱ्याला सांगण्यासारखं नसलेलं काम कसं असतं हे तिला कळत होतं.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी हॉल भरला होता. उकाडा असा की पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. आरती झाली, मोदक वाटले गेले, आणि नीलकंठराव जरीचं उपरणं सावरत पहिल्या खुर्चीत बसले. आपली नात आपली गोष्ट वाचणार म्हणून ते इतके फुलले होते की अरुंधतीलाही त्यांनी मान हलवून नमस्कार केला. ती भिंतीशी उभी राहिली.

इरा वाचू लागली. आवाज बारीक, उच्चार हिंदी वळणाचे, पण एकही शब्द अडखळत नव्हता. किल्लीचं वाक्य आलं, लोकांनी माना डोलावल्या. कोठाराचा तळ आला. "दादा घाबरले," इराने वाचलं, आणि न थांबता पुढे, "पण किल्ली त्यांनी पुन्हा कमरेला लावली नाही." खोडलेलं सगळं तिने परत घातलं होतं. घाबरूनही देणारे दादा दाते होते, असं तिने वाचलं तेव्हा नीलकंठरावांनी उपरण्याने डोळे टिपले. अरुंधतीच्या कानशिलांत रक्त चढलं. पोरीने आपलं ऐकलं नाही याचा संताप आधी आला, लाज नंतर.

मग काकी आली. पाण्याचं वाक्य, हात पुसल्याचं वाक्य, आणि इराचा प्रश्न: काकी जेवल्याचं कुठे लिहिलंय? काकी उपाशी होती, तिने वाचलं, आणि गोष्ट सांगणारा मुलगा तिथेच ओसरीवर बसला होता, पण त्याला ते दिसलं नाही.

नीलकंठराव उठून उभे राहिले.

"थांब. हे तुला कुणी लिहून दिलं?"

मीच लिहिलं, इरा म्हणाली. नीलकंठरावांनी ते ऐकलंच नाही. त्यांचा हात भिंतीशी उभ्या अरुंधतीकडे गेला. ही या बाईची करणी आहे, ते म्हणाले, माझ्या घरातलं पोर माझ्याच तोंडावर फेकायचं, गणपतीपुढे माझ्या घराची लाज काढायची, एवढ्यासाठीच हिला वर्ग पाहिजे होता. त्यांचा आवाज चढत गेला. बदलीवाल्यांची एक रांग कुजबुजू लागली, आणि जुन्यांची रांग त्या रांगेकडे रागाने पाहू लागली.

इरा घाबरली होती, पण मॅडमवर खोटा आळ येतोय एवढं तिला कळलं, आणि तिने तिला येत होता तोच उपाय केला. पुरावा दिला.

"नाही आजोबा, मॅडमने नहीं लिखा. मॅडमनी तर उलटं सांगितलं होतं. 'दादा घाबरले' एवढंच ठेव म्हणाल्या, पुढचं खोडलं. दादा भित्रे होते असं लिही म्हणाल्या. मी नाही लिहिलं. अर्धं वाक्य खोटी साक्ष असते ना."

पोरीने बचाव म्हणून जे काढलं होतं ते सरळ अरुंधतीच्या गळ्याशी आलं होतं, आणि पोरीला त्याचा पत्ताही नव्हता. नीलकंठराव सावकाश वळले. हे खरं आहे का, त्यांनी विचारलं.

मेघना चटकन पुढे आली. इराला समजण्यात काहीतरी चूक झाली असेल, ती म्हणाली, लहान आहे, मॅडम असं कशाला सांगतील. तिने हे अगदी मनापासून म्हटलं, आणि दोन्हीकडच्या माना हलल्या. सगळ्यांनाच तेवढ्यावर सुटायचं होतं. अरुंधतीने एक हो म्हटलं की झालं असतं. वर्ग राहिला असता, अब्रू राहिली असती, आणि खोटी ठरली असती ती सातवीतली एक मुलगी, जी उद्या विसरलीही असती.

अरुंधतीने इराकडे पाहिलं. इरा निश्चिंत उभी होती. मॅडम खरंच सांगणार, याबद्दल तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती.

"इरा बरोबर सांगतेय," अरुंधती म्हणाली. "वाक्य मी कापलं. तुम्हाला मान खाली घालायला लावायची होती म्हणून कापलं. बाकी सगळं तिचं आहे, आणि काकीबद्दल तिने लिहिलंय ते खरं आहे."

"काकीबद्दल तुम्ही मला सांगणार?" नीलकंठराव म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला होता. "तुम्हाला काय वाटलं, कुणाची तरी विधवा काकू? आमच्या घरात चुलत भावंडं काकी म्हणत, म्हणून आम्हीही काकीच म्हणायचो. आई होती ती माझी."

अरुंधतीला हे माहीत नव्हतं. बदलीवाल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि जुन्यांपैकी कुणाला ते सांगावंसं वाटलं नव्हतं. त्यांच्या घरांत काकी म्हणजे आई हे सांगायची गोष्टच नव्हती. नीलकंठराव इराकडे वळले आणि म्हणाले, ते परत वाच. इराने वाचलं. काकीने माठातलं पाणी पिऊन पदराला हात पुसले. अजून एकदा, ते म्हणाले. तिने पुन्हा वाचलं.

ते खुर्चीत बसले. उपरणं खांद्यावरून खाली घसरलं, ते त्यांनी उचललं नाही.

"मी तिथेच होतो," ते म्हणाले. "मी विचारलं होतं तिला, जेवलीस का. तिने हात दाखवले." मग म्हणाले, "मीच लिहिलं हे. माझ्याच हाताने लिहिलं."

अरुंधतीला वाटलं, जावं आणि त्यांच्यापाशी बसावं. ती एक पाऊल पुढे सरकली तेव्हा नीलकंठरावांनी मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यांत पूर्वीचाच राग होता; उलट आता त्याला धार आली होती. वर्ग बंद होणार नाही, ते म्हणाले, पण तुम्ही तो घेणार नाही. येत्या रविवारपासून मी घेईन. माझ्या आईचं वाक्य माझ्यावर उगारायला निघालेली बाई माझ्या हॉलमध्ये नको.

कुणी विरोध केला नाही. बायकांनीही नाही. अरुंधतीने हॉलची किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि ती घरी गेली. त्या रात्री जयंतला सगळं सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला की खरं बोललीस ते बरं केलंस. त्याने तिचं काही समाधान झालं नाही.

पुढचे रविवार तिने मुकाट्याने काढले. पितृपक्ष संपून नवरात्र आलं. मग एका रविवारी भाजी आणायला म्हणून ती प्रेम नगरात गेली. भाजी छावणीजवळही मिळते, पण ते जाऊ दे. हॉलच्या फाटकाशी चौकीदार तंबाखू मळत बसला होता. अब तौ दाऊ खुदई पढ़ा रए, म्हणजे आता म्हातारबुवा स्वतःच शिकवतात, अशी त्याने माहिती दिली, आणि भुवया उडवून खिडकीकडे बोट केलं.

खिडकी उघडी होती. आत नीलकंठराव फळ्यापुढे उभे राहून सांगत होते की आपले पूर्वज इथे आले तेव्हा सगळ्या शहराने त्यांचं मोठ्या प्रेमाने स्वागत केलं.

"कुठे लिहिलंय?" वर्गातून एकदम चार-पाच आवाज आले.

नीलकंठराव थबकले. सगळंच लिहिलेलं नसतं, ते म्हणाले, काही गोष्टी आम्ही पिढ्यानपिढ्या ऐकलेल्या असतात. मुलांनी पेनं खाली ठेवली; हे काही लिहून घेण्यासारखं नव्हतं. मग ते म्हणाले की पूर्वजांचं जाऊ दे, दादांचं घ्या. दादांच्या घरात कुणी उपाशी राहिलं नाही, हे तर मी माझ्या डोळ्यांनी...

तिथे ते स्वतःच अडले.

"देखा तो आपने काकी को भी था, सर," तेजस म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. पुरावा तपासत होता बिचारा.

नीलकंठरावांनी खडू खाली ठेवला. इराच्या डोक्यावरून हात फिरवून ते बाहेर व्हरांड्यात आले, कठड्याला धरून उभे राहिले, आणि तेव्हा त्यांना फाटकाशी पिशवी घेऊन उभी असलेली अरुंधती दिसली. दोघांनीही नमस्कार केला नाही.

"बिघडवून ठेवलीत तुम्ही पोरं," ते म्हणाले. "मला एक वाक्य धड बोलू देत नाहीत. स्वतःच्या घराबद्दलसुद्धा."

अरुंधतीला हसू यायला हवं होतं. महिनाभर तिने याच्यासारखंच काहीतरी मनात रंगवलं होतं. पण कठड्यावरून हात उचलून त्यांनी खडूची भुकटी सदऱ्याला पुसली, आणि तो हात पाहताना तिला दुसराच एक हात दिसत राहिला, पदराला पुसलेला.

"आत या," नीलकंठराव रागानेच म्हणाले. "तुम्हीच शिकवलंय ना? मग तुम्हीच सांगा त्यांना, माणसाला काही गोष्टी विचारायच्या नसतात."

खिडकीत आता मुलं जमली होती. इरा सगळ्यांच्या पुढे होती. तिने मॅडमला पाहिलं आणि ओळखीचं हसली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"नाही येत मी," अरुंधती म्हणाली. "पहिल्यांदा मलाच विचारतील, ते वाक्य का कापलं म्हणून."

नीलकंठरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते वळून वर्गात गेले. अरुंधतीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ई-रिक्षा शोधत कोपऱ्याकडे चालू लागली. मागून म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला. तो दमलेला होता, पण सांगत होता: बरं, काढा ते पान. काकीपासून वाचू या, आणि पूर्ण वाचू या.